तीन टिंबांचा पत्रा

टाकीचे पत्रे पासष्ट. पंचवीस तळाचे, चाळीस बाजूंचे. बोल्ट दोन हजार एकशे साठ. जमिनीपासून टाकीच्या तळापर्यंत चोवीस मीटर, लोखंडी पाय चार, शिडीच्या पायऱ्या ऐंशी. टाकीत शहाऐंशी हजार लिटर पाणी. टाकीच्या बाजूला मोकळ्या रानात मजुरांच्या बावीस झोपड्या, आणि त्यातल्या सातव्या झोपडीत, चुलीवरच्या फळीवर, क्षार-साखरेच्या चार पुड्या. एका पुडीला एक लिटर स्वच्छ पाणी, असं पुडीवर छापलेलं होतं. सातव्या झोपडीत पाणी होतं अर्धा तांब्या.

"डाक्टरीण बाई बोलली, कमी पाण्यात कालवायची न्हाई, लेकराला अजून वाईट होते," पंचफुला म्हणाली. "मंग ह्या अर्ध्या तांब्यात काय करू, मामू?"

टाकीचे पत्रे जोडणारा खाजामियाँ दाराशी उकिडवा बसला होता. त्याचा डावा कान पूर्ण गेला होता, उजवा निम्मा. तो माणसांच्या ओठांकडे बघून ऐकायचा. पंचफुलेच्या मांडीवर तिची चौदा महिन्यांची पंचशीला पडली होती. परवापासून तिला जुलाब लागले होते. ती रडत होती, पण आवाज फार निघत नव्हता आणि डोळे कोरडे होते.

"दवाखान्यात ठेवून न्हाई घेतलं?"

"जागाच न्हाई. वऱ्हांड्यात बी लेकरं निजवलेत, एका खाटंवर तीन तीन. म्हन्ली, तुमची अजून बरी हाय. हे घोट घोट पाजत राहा दिवसभर. रडताना डोळ्यात पानी आलं की समजा लेकरू सुधारलं. उद्या सकाळपस्तोर न्हाई आलं तर घेऊन या, कुठंबी निजवू."

"बेटी, शहरात कुणाच्या घरी बघितलं?"

"बघितलं ना. परत येताना मागितलं एका दारी. ती बाई आधी इचारली, कोन्या गावचे, कोनाचे तुम्ही. सांगितलं. मंग घागर न्हाई भरली. ओंजळ कर म्हन्ली. वरून ओतलं." पंचफुलेनं आपले दोन्ही हात जोडून दाखवले. "हातातलं घरापस्तोर कसं आनू?"

लातूर जिल्हा होऊन हा चौथा उन्हाळा होता. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांत साहेब आले, साहेबांसाठी शहराबाहेर क्वार्टरं उठली आणि क्वार्टरांसाठी ही टाकी. एक मेला उद्घाटन होतं. मजुरांच्या झोपड्यांना दर तिसऱ्या दिवशी एक टँकर यायचा. टाकी चाचणीसाठी भरायला नऊ खेपा लागल्या, त्या त्याच टँकरनं केल्या. झोपड्यांची पाळी चुकली. हातपंप आठवड्यापूर्वीच हवा ओढायला लागला होता. मग बायकांनी ओढ्यातल्या खड्ड्याचं पाणी फडक्यातून गाळून वापरलं, आणि पहिले जुलाब त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाले.

पंचफुलेचा नवरा भीमा दाल मिलकडून परत आला. मिलच्या राखणदारानं नळाखाली तोंड लावू दिलं होतं, कॅन लावू दिला नव्हता. भीमानं रिकामा कॅन झोपडीत ठेवला, मुलीच्या कपाळाला हात लावला आणि वर टाकीकडे बघितलं. खाजामियाँनंही बघितलं. बावीसही झोपड्यांतली माणसं त्या दिवशी सकाळपासून वर बघत होती.

विरूपाक्ष शिडीवरून खाली उतरत होता. तो खात्याचा ज्युनियर इंजिनिअर, उदगीरकडचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. सकाळी सहाला त्यानं टाकीच्या झाकणातून हूक सोडून पाण्याची पातळी घेतली होती. गळासारखा वाकवलेला स्टीलचा हूक पाण्यात बुडवून हळूहळू वर घ्यायचा. त्याचं टोक पाण्याच्या पापुद्र्याला आतून टेकलं की पट्टीवरचा आकडा वाचायचा. पुढच्या दिवशी सहाला पुन्हा. वेळ तीच का, तर दुपारी पाणी तापून फुगतं, सकाळचा सकाळशीच हिशोब बसतो. आठ वाजता तो नुसता जोड बघायला वर गेला होता.

"सुका आहे सगळा," तो खाजामियाँला म्हणाला, ओठ नीट हलवत. "एक थेंब नाही. मियाँ, मी अशी टाकी बघितली नाही."

"साहेब, एक घागर पाहिजे," खाजामियाँ म्हणाला. "वरचं."

विरूपाक्षनं भीमाकडे, मग झोपडीकडे बघितलं. त्याला सांगावं लागलं नाही.

"झाकणाला कुलूप आहे. सकाळी पातळी घेतली की मी ते लावतो, आणि किल्ली मोठ्या साहेबांच्या माणसाकडे देतो. तो मघाशीच घेऊन गेला. व्हॉल्व्हला शिशाचं सील आहे. ते तोडलं तर चाचणीच रद्द होते. ऑफिसातला माठ कालपासून पालथा आहे. हे घ्या."

त्यानं खांद्यावरची बाटली काढून दिली. पाऊण लिटर होतं. अर्ध्या तांब्यात मिळवून बरोबर एका पुडीचं झालं.

---

खाजामियाँ एकोणिसाव्या वर्षी नांदेडात एका गिरणीच्या छपरावर चढला, तेव्हापासून तो लोखंडावरच होता. पूल, गोदामं, विजेचे मनोरे, साखर कारखान्याची धुराडी. पस्तीस वर्षांत तो दोनदा पडला, दोन्ही वेळा कमरेच्या दोरानं धरलं. कान हातोड्यांनी खाल्ले. घरी, नांदेडच्या इतवाऱ्यात, बायको बानो होती; तो सांगायचा, "उसकू लगता मैं सुनता. इसीलिए निभा."

टाकीच्या कामात माणसं जोडीनं लागतात. एक जण टाकीच्या आत, तो बोल्टचा माथा धरतो. दुसरा बाहेर, तो नट आवळतो. मध्ये पत्रा, म्हणून एकमेकांना दिसत नाहीत. बोलणं पान्याच्या ठोक्यांनी होतं: एक ठोका म्हणजे धरलं, दोन म्हणजे आवळ, तीन म्हणजे थांब. खाजामियाँला ठोके ऐकू येत नसत. तो डावा तळहात पत्र्यावर ठेवायचा आणि ठोके त्याला तळहातात कळायचे. भीमा नायगावकडचा. अकरा वर्षं त्याच्या जोडीला होता. भीमाचे ठोके आणि दुसऱ्याचे ठोके खाजामियाँला तळहातावर वेगळे लागायचे.

आणि प्रत्येक उस्तादाची एक खूण होती. पत्रा बसवून झाला की टोकदार लोखंडी पंचनं कोपऱ्यात टिंबं मारायची. अमृतराव आणि त्याचा भाऊ, देगलूरकडचे, यांची दोन टिंबं. खाजामियाँची तीन. टाकी भरल्यावर ज्या पत्र्याचा जोड रडला, म्हणजे गळला, त्याची टिंबं बघायची. तो उस्ताद कामावरून घरी जायचा, आणि जाण्याआधी त्यानं आपल्या हातानं छिन्नी मारून टिंबं खोडायची. ठेकेदाराचा नियम होता, पण माणसांनी तो आधीच मानलेला होता. खाजामियाँची टिंबं आजवर खोडली गेली नव्हती.

ठेकेदाराचा माणूस हणमंतराव दहाच्या सुमाराला राजदूतवरून आला. गाडी बंद न करताच तो ओरडला, आणि खाजामियाँसाठी हातानंही दाखवलं.

"मियाँ, उद्या सहाला पास झाली की परवा तुम्ही नांदेडला! मुकादमाची खुर्ची टाकून ठेवलीय. बसायचं, वर बघायचं, शिव्या द्यायच्या. चढायचं नाही."

"शिव्या तो अभी भी देता," खाजामियाँ म्हणाला.

"आता पगारात द्याल! घरून डबा येईल. बानोभाभीला काय सांगू?"

"सांगू नक्को. तिला सुट्टी बघवत नाही."

हणमंतराव हसला. भीमानं पुढं होऊन पाण्याचं विचारलं. हणमंतराव हसायचा थांबला, पण आवाज चढवला नाही. टँकर दोन तारखेला येईल म्हणाला. त्याच्या घरीही पाचव्या दिवशी नळ येतो म्हणाला. ते खरं होतं. मग तो म्हणाला, "आज कुणी वर चढायचं नाही हं. साहेबानं बजावलंय," आणि गेला.

---

बारा वाजता पंचशीलेनं दोनदा उलटी केली. पाजलेल्यातलं निम्मं बाहेर आलं. पंचफुलेनं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. उंचवट्यासारखी तशीच राहिली, मग सावकाश खाली गेली.

"संपलं," तिनं पातेलं उपडं करून दाखवलं. "तीन पुड्या हायत नुसत्या."

भीमा उठला. "उस्ताद, आज दुपारी कोन न्हाई इथं. साहेब चारला येतात. मी चढतो. तळाचा एक नट ढिला करतो, कॅन लावतो, दहा लिटर काढतो. बास."

"आणि मग?"

"मंग आवळतो परत."

खाजामियाँनं त्याच्याकडे बघितलं. दोघांनाही ठाऊक होतं. पत्र्याच्या जोडात सुतळी आणि सफेदा, पांढऱ्या शिशाची लुगदी, भरलेला असतो. पाण्याचा भार असताना बोल्ट एकदा सैल केला की सफेदा फुटतो, सुतळी उकलते. नंतर कितीही आवळा, तो जोड धरत नाही. टाकी रिकामी करून जोड नव्यानं भरावा लागतो.

"मी कोपऱ्यातल्या पत्र्याचा करतो," भीमा खाली बघत म्हणाला. "दोन टिंबांच्या."

"कान से बहरा हूँ, भीमा. ओठ बघतो. पुन्हा बोल."

भीमानं मान वर केली. "अमृतरावच्या पत्र्याचा."

"पानी तेरी बेटी पिएगी, और घर अमृतराव जाएगा?"

"मंग तुमचं नांदेड?" भीमानं विचारलं. "पस्तीस वर्षं तुमची—"

"मैं बोला क्या तुझे, मेरा नाम ले?" खाजामियाँनं पाना उचलून त्याच्या हातात दिला. "मधली रांग, तिसरा पत्रा. तीन टिंबं. जा."

भीमा चढला. ऊन असं होतं की शिडी मुठीत धरवत नव्हती. तो कोपरांनी आणि मनगटांनी चढला. खाली खाजामियाँ टाकीच्या पायाला तळहात लावून बसला. लोखंड भाजत होतं, तरी त्यानं हात काढला नाही. काही वेळानं त्याला पान्याची धडपड तळहातात कळली. मग काहीच कळलं नाही. मग पुन्हा धडपड, जोराची. मग भीमा उतरताना दिसला. त्याचा कॅन रिकामा होता.

"फिरंना," भीमा म्हणाला. तो रडत होता की घाम होता ते सांगता आलं नसतं. "पाना लावला आन् हात आवळायाच लागला, उस्ताद. मी म्हन्लं उलटा फिरव, उलटा फिरव. परत लावला. परत आवळला. मी त्यो अजून घट करून आलो."

खाजामियाँ हसला. त्याला हसू आवरलं नाही. "मीच शिकवलं रे तुला," तो म्हणाला. "सीधा हाथ किसी का नहीं सुनता. आण इकडं."

त्यानं पाना घेतला, आणि तो डाव्या हातात धरला.

---

ऐंशी पायऱ्या. हातांना त्यानं गोणपाट गुंडाळलं होतं, पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. चाळिसाव्या पायरीला तो थांबला. खाली झोपड्या आगपेट्यांएवढ्या दिसत होत्या. लांब गंजगोलाईच्या बाजाराचं वर्तुळ, त्याच्यापलीकडे दाल मिलांची पत्र्याची छपरं, आणि मग नुसती जमीन. कुठंही हिरवं नव्हतं. गरम वारा होता. सबंध टाकी वाऱ्यानं केसाएवढी हलते. चढणाऱ्याला ते पोटात कळतं. चौपन्नाव्या वर्षी त्याला आज पहिल्यांदा ते नकोसं वाटलं.

तळाच्या गर्डरवर तो पाठीवर आडवा झाला. तोंडासमोर वीतभर अंतरावर टाकीचा तळ होता. पत्रा बाहेरून तापलेला नव्हता. तो थंड होता. वरचं शहाऐंशी हजार लिटर पाणी त्याला थंड ठेवत होतं. खाजामियाँनं गाल त्याला टेकवला आणि थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं कोपऱ्यातली आपली तीन टिंबं बोटानं चाचपली, त्यांच्याजवळचा बोल्ट निवडला आणि डाव्या हातानं पाना लावला.

नट पहिल्यांदा हललाच नाही. भीमानं तो दोनदा आवळला होता. त्यानं पान्याला पाय लावून ढकललं. नट करकरला, ते त्याला दातांत कळलं. एक फेरा. दोन. तिसऱ्या फेऱ्याला त्यानं पान्याच्या दांड्यानं बोल्ट खालून वर ठोकला. सफेद्याचा तुकडा त्याच्या छातीवर पडला, आणि बोल्टभोवतीनं पाणी आलं. आधी थेंब, मग कडबोळ्याएवढी धार.

त्यानं कॅन लावला. दहा लिटरचा कॅन भरेपर्यंत तो धारेकडे बघत होता. तोंड लावलं नाही. जीभ टाळूला चिकटलेली होती, पण तोंड लावायचं त्याला सुचलंच नाही.

खाली भीमानं विरूपाक्षला येताना बघितलं. तो चारला यायचा तो पावणेतीनलाच आला. त्याला ऑफिसात करमलं नव्हतं. भीमानं हातातला दगड टाकीच्या पायावर तीनदा आपटला. थांब. परत तीनदा. वर खाजामियाँचे हात गोणपाटात गुंडाळलेले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला भीमाचे ठोके कळले नाहीत.

दोराला बांधलेला कॅन खाली आला. तो जमिनीवर टेकला तेव्हा विरूपाक्ष त्याच्यासमोर उभा होता.

पंचफुला झोपडीतून पळत आली, तिनं विरूपाक्षकडे न बघता कॅन उचलला आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून पुडी फाडल्याचा आवाज आला. खाजामियाँ उतरेपर्यंत विरूपाक्ष तिथंच उभा राहिला.

"किती काढलं?" त्यानं विचारलं.

"दहा."

विरूपाक्षनं मनात भागाकार केला. "एक मिलिमीटर म्हणजे सदतीस लिटर. दहा लिटर म्हणजे पाव मिलिमीटर. हुकावर दिसणार नाही. चाचणीत दोन मिलिमीटरपर्यंत घट चालते." मग त्यानं वर बघितलं. "पण जोड?"

"आवळला, साहेब. जेवढा आवळतो तेवढा."

"धरेल?"

"रोएगा."

वरून पाणी सुटलं होतं. पण चोवीस मीटर उंचीवरून, वाऱ्यात, धार खाली पोचत नव्हती. वाटेतच तिचा भुगा होत होता आणि तो झोपड्यांवरून पलीकडे जात होता. अंगावर पडला तर गार वाटायचा, एवढंच.

"मी बघितलं नाही असं मला म्हणता येईल," विरूपाक्ष म्हणाला. "पण उद्या सहाला हूक जे दाखवेल ते मी लिहिणार, मियाँ. ते मला बदलता येणार नाही."

"बदलू नक्को. तू पट्टीवाला, तू आपलं काम कर." खाजामियाँनं पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. "मेरेकू एक दोर लागतो. लंबा."

---

काथ्याचा जाड दोर होता. खाजामियाँ पुन्हा चढला आणि त्यानं तो त्या बोल्टला गाठ मारून खाली सोडला. या वेळी भीमाही बरोबर होता. खाली दोराच्या टोकाशी एक घागर ठेवली. पाणी दोराला धरून उतरायला लागलं. सुरुवातीला दोरच ते पीत होता. ओल हातभर उतरायची आणि उन्हात वाळून परत वर जायची. खालच्या बायका दोरावरच्या ओलीच्या रेषेकडे बघत होत्या. सव्वाचारला रेषा जमिनीला लागली. पहिला थेंब घागरीत पडला तेव्हा अमृतरावची सासू शांतम्मा कानडीत काहीतरी म्हणाली आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"घागर एकच, दर झोपडीला," पंचफुला मुलीला खांद्यावर टाकून दोराशी उभी राहिली. "भरली की उचलायची. दुसरी लावायची न्हाई कुनी. आन् उकळून घ्या."

"तुझी?" कुणीतरी विचारलं.

"माझं झालंय. माझी शेवटी."

अमृतराव आला. त्यानं दोर बघितला, वर बघितलं, पत्रे मोजले. मग खाजामियाँकडे बघत राहिला.

"उस्ताद, माझा पत्रा शेजारीच होता."

"हौ. लेकिन तेरा काम मेरे से पक्का है. निघाला नसता."

"खोटं बोलू नका."

"बहरा हूँ. ऐकू येत नाही," खाजामियाँ म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

घागरी रात्रभर लागत राहिल्या. पंचफुला अधूनमधून झोपडीत जाऊन मुलीला चमच्यानं पाजत होती. एका चमच्यानंतर शंभर मोजायचे, मग दुसरा. खाजामियाँ टाकीच्या पायाला तळहात लावून तिथंच आडवा झाला होता. पाणी कमी झालं की लोखंडाचं थरथरणं बदलतं असं त्याचं म्हणणं होतं. तसं होतं की नाही हे मोजायला कुणाकडे काही नव्हतं.

---

सकाळी पावणेसहाला हणमंतराव मोठ्या साहेबांच्या माणसाला घेऊन आला. दोर अजून ओला होता. शेवटची घागर दोराखाली होती, काठोकाठ. हणमंतरावनं दोराला हात लावला, ओली बोटं बघितली आणि शर्टाला पुसली.

"कुणाचा पत्रा?" त्यानं विचारलं.

"तीन टिंबं," खाजामियाँ म्हणाला.

"उस्तादाचा न्हाई, मालक, मी—" भीमा पुढं झाला.

"पंच कोणाचा?" खाजामियाँनं त्याला अडवलं.

भीमा मागे सरला.

"मियाँ, एक दिवस! एक दिवस थांबला असता!" हणमंतराव ओरडला, आणि ओरडून उपयोग नाही हे आठवून त्यानं तेच हातानं केलं; एक बोट वर धरलं. "मी त्यांना काय सांगू? नांदेडला काय सांगू?"

"छिन्नी दे, भीमा," खाजामियाँ म्हणाला.

विरूपाक्ष किल्ली आणि हूक घेऊन शिडी चढत होता. त्याच्यामागून खाजामियाँ चढला. विरूपाक्ष झाकणाकडे वर गेला. खाजामियाँ तळाच्या गर्डरवर थांबला. खालच्यांना दोनच ठोके ऐकू आले. वर टिंबांवरून एक आडवी रेघ उमटली. तो उतरला तेव्हा त्यानं खिशातला पंच काढून भीमाच्या हातात ठेवला.

"तू चार मार," तो म्हणाला.

"मला न्हाई पायजे."

"मेरे को भी नक्को. घरी काय करू? बानोला टिंबं मारू?"

त्याचं सामान एका पिशवीत होतं. नांदेडची एसटी साडेसातला होती. त्यानं पिशवी उचलली, आणि तेवढ्यात झोपडीत पंचशीला रडायला लागली. सगळ्यांनी ऐकलं. त्याला ऐकू आलं नाही. तो चालायला लागला होता. पंचफुला मुलीला घेऊन त्याच्यामागे पळाली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं मुलीचं तोंड त्याच्याकडे केलं. मुलीचं तोंड उघडं होतं, लाल झालेलं. खाजामियाँनं पिशवी खाली ठेवली. तळहात तिच्या गालावर ठेवला, मग उचलून स्वतःसमोर धरला आणि बघितलं. तळहात ओला होता.

त्यानं मान हलवली, पिशवी उचलली आणि तो स्टँडकडे गेला.

विरूपाक्ष वर झाकणाशी गुडघ्यांवर बसला होता. त्यानं हूक तीनदा बुडवला आणि तीनदा वर घेतला. तिन्ही वेळा आकडा तोच आला. मग त्यानं वही मांडीवर धरली, पेनाची निब झटकली आणि लिहिलं:

दि. २६ एप्रिल, सकाळी ६ : पातळी २३१० मि.मी.
दि. २७ एप्रिल, सकाळी ६ : पातळी २३०१ मि.मी.
घट : ९ मि.मी.